मुरमातली वाइन

आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या द्राक्ष आहे, पण वाइन नाही. निफाड तालुक्यात सात एकर बाग, गळ्यात तुळशीची माळ घातलेले वडील, आणि पुण्यात नोकरी करणारा, शनिवारी रात्री एखादा ग्लास घेणारा मी. हे आबांना माहीत आहे. मला माहीत आहे की त्यांना माहीत आहे. त्यावर आम्ही कधी बोललेलो नाही.

धाकटी बहीण फ्रान्समध्ये, लियों शहरात असते. दोन वर्षांपूर्वी तिने एक बाटली आणली होती, मोर्गों नावाची. पांढरं साधं लेबल, वर फक्त गावाचं नाव, साल आणि घराण्याचं आडनाव. प्यायलो आणि दुसऱ्या दिवशी तिला फोन करून किंमत विचारली. "अकरा युरो." माझा विश्वास बसला नाही. पुण्यात तिच्या तिप्पट पैसे मोजून मी याहून बेचव बाटल्या उघडल्या होत्या. तेव्हापासून डोक्यात होतं, की हे लोक अकरा युरोत परवडवतात कसं, ते जाऊन बघायचं.

मोर्गों ज्या भागात होते त्या बोजोलेतल्या बागा आबांनाही बघायच्या होत्या. त्यांची अट एकच होती: ऑक्टोबर छाटणीच्या आत परत. म्हणून सप्टेंबर ठरला, आणि तिथे तोडणी नेमकी त्याच वेळी असते. आई म्हणाली, "तुम्ही जा, गुरांकडे कोण बघणार?"

पहिला दिवस: लियों

विमानाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की आबांनी सोबत आणलेले मेथीचे ठेपले शेजारच्या प्रवाशालाही दिले.

संध्याकाळी धाकटी आम्हाला 'बुशाँ'मध्ये घेऊन गेली. बुशाँ म्हणजे लियोंची जुन्या वळणाची खानावळ: लाल चौकड्यांचे टेबलक्लॉथ, खांद्याला खांदा लागेल अशी बाकं आणि यादीभर डुकराचे नाना अवयव. आबांनी माळेला हात लावला. धाकटीने आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे त्यांच्यापुढे मसुराची कोशिंबीर आली आणि 'सर्वेल द कान्यु' आलं. नावाचा अर्थ 'रेशीम विणकराचा मेंदू'. तो तिने आबांचं खाऊन झाल्यावर सांगितला. प्रत्यक्षात तो पाणी काढलेला चक्का असतो. त्यात चिरलेला छोटा कांदा, कांद्याची पात, मीठ, मिरी. चातुर्मास चालू होता, पण लासलगावच्या शेजारचा माणूस कांदा सोडणार तरी कसा?

वाइन आली ती जाड बुडाच्या बाटलीत. तिला 'पो' म्हणतात, आणि तिचं माप ४६ सेंटिलिटर. धड अर्धा लिटर नाही, पाऊण नाही. आबा बराच वेळ ती बाटली उचलून बुडाकडे बघत होते. "वजन बुडात घातलंय. मापात पाप." लियोंचे लोक म्हणतात, आमच्या शहराला तीन नद्या आहेत: रोन, सोन आणि बोजोले. तिसरी पाण्याची नाही, हे आबांना समजावून सांगावं लागलं नाही.

दुसरा दिवस: व्हिलिए-मोर्गों

लियोंहून बेलव्हिलपर्यंत लोकल गाडी, पाऊण तासाच्या आतला प्रवास. तिथे आधी ठरवलेली टॅक्सी आलीच नाही. स्टेशनबाहेरच्या बाकावर तासभर बसलो. शेवटी आम्ही ज्या घराण्याकडे उतरणार होतो त्यांची सूनबाईच मळकी व्हॅन घेऊन आली. मागे तोडणीच्या बादल्या, चिकटलेला रस, गांधीलमाश्या. आबा पुढे बसले आणि दहा मिनिटांत त्यांनी खिडकीतून सगळी पीकपाहणी करून टाकली.

सोनच्या खोऱ्यातून पश्चिमेकडे टेकड्या चढत जातात, आणि त्या उतारांवर द्राक्षच द्राक्ष. बोजोलेच्या उत्तर भागात दहा गावं किंवा डोंगरउतार असे आहेत, की त्यांची वाइन 'बोजोले' या नावाने नव्हे, तर स्वतःच्या नावाने विकली जाते. मोर्गों, फ्लरी, मुलँ-आ-व्हाँ, ब्रुयी वगैरे. या दहांना 'क्रु' म्हणतात. दहावं नाव रेन्ये, ते १९८८ मध्ये मिळालं. द्राक्ष मात्र सगळीकडे एकच, गामे. काळं साल, पांढरा रस.

बागेत शिरल्यावर आबा पहिल्यांदा गप्प झाले, मग हसले. "अरे, ही बाग का मिरचीचं वावर?"

त्यांचं चुकलं नाही. आमच्याकडे नऊ बाय पाच फुटांवर वेल, लोखंडी अँगल, तारा, वर मांडव. माणूस खालून उभा चालतो. इथे वेल गुडघ्याएवढा. तार नाही, तारेवर आडवा नेलेला ओलांडा नाही. खोडातून चार-पाच आखूड हात वर निघालेले, पेल्यासारखे, म्हणून या पद्धतीचं नावच 'गोब्ले', पेला. दोन वेलींत हातभर अंतर. जुन्या बागांत हेक्टरी नऊ-दहा हजार वेल असतात. त्यातले कित्येक सत्तर-ऐंशी वर्षांचे, खोडं पिळवटलेली, काळी, संधिवात झालेल्या बोटांसारखी.

घराण्याचा मालक पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, हाफ पँट आणि गमबूट. त्याच्या कमरेला कात्री होती. आबांनी बोट दाखवून म्हटलं, "सिकेटर." तो थबकला. "सेकातर!" म्हणाला आणि ती काढून आबांच्या हातात दिली. मग आबांनी पानावरचा निळसर पांढुरका डाग दाखवला आणि एकच शब्द उच्चारला: "बोर्डो?" मालकाचा चेहरा असा उजळला, की धाकटीची दुभाषी म्हणून गरज पुढची पाच मिनिटं संपली. मोरचूद आणि चुना. बोर्डो शहराच्या आसपासच्या बागांत १८८० च्या दशकात डावणीच्या रोगावर जे औषध सापडलं, ते आमच्या पिंपळगाव-निफाडच्या प्रत्येक शेडमध्ये निळ्या ड्रममध्ये कालवलेलं असतं. माझ्या लहानपणी आबांचा सदरा कायम त्याच निळ्या रंगाचा असायचा. ते गावाचं नाव आहे हे त्यांना इथे कळलं.

दुपारी आम्ही कोत द्यु पीवर गेलो. ही मोर्गोंची मानाची टेकडी, फार उंच नाही, माथ्यावर एक क्रूस. इथली माती म्हणजे माती नव्हेच. निळसर, लोहाचा अंश असलेला प्राचीन खडक कुजून, सुटून, हातात चुरला जाईल असा झालेला. मालक म्हणाला, "रोश पुरी."

"पुरी?" आबा.

"कुजका खडक," धाकटीने सांगितलं.

आबा उकिडवे बसले. एक ढेकूळ उचललं, अंगठ्याने मोडलं, वास घेतला, थोडं जिभेला लावलं. "हा तर मुरूम हाये."

नंतर चार दिवस ते सगळ्यांना हेच सांगत होते. मुरमात पाणी थांबत नाही, मुळं खाली जातात, वेल माजत नाही, माल कमी येतो पण गोडी येते. मालकाने हीच गोष्ट फ्रेंचमध्ये बराच वेळ हातवारे करत सांगितली होती. धाकटी दोघांकडे बघून म्हणाली, "मी भाषांतर कशाला करतेय?"

रात्री आबांनी हिशेब मांडला. माझ्या वहीचं शेवटचं पान अजून त्यांच्या अक्षरात आहे. क्रु वाइनला हेक्टरी साधारण पन्नास ते साठ हेक्टोलिटरच्या दरम्यान कमाल मर्यादा असते. त्याहून जास्त काढली तर ते नाव लावता येत नाही. हेक्टोलिटर म्हणजे शंभर लिटर. पंचावन्न धरा. म्हणजे एकरी बावीसशे लिटर, द्राक्ष जेमतेम तीन टन. "तीन टन!" आबा. आमच्याकडे तीन टन माल आला तर माणूस भावकीत तोंड दाखवत नाही. पुढची ओळ: बावीसशे लिटर म्हणजे एकोणतीसशे बाटल्या. गुणिले अकरा. त्याचे रुपये केले तर तीस लाखांच्या आसपास. आबा चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले.

"यात काहीतरी गफलत हाये," म्हणाले, आणि झोपले.

तिसरा दिवस: तोडणी

पहाटे धुकं होतं. साडेसातला वीस-बावीस माणसं बागेत. विद्यार्थी, निवृत्त लोक, पोर्तुगालहून दरवर्षी येणारं एक जोडपं. मीही उतरलो. अर्ध्या तासात पाठीचा कणा कुठून कुठे जातो ते कळलं. गुडघ्याएवढा वेल म्हणजे पूर्ण वाकून काम. घड पानांच्या आत खोडाला चिकटून असतात; डावा हात खाली घालायचा, देठ चाचपायचा, कात्री लावायची. माझ्या बोटाला दोनदा लागलं. आबांनी सकाळभरात माझ्या तिप्पट बादल्या भरल्या आणि शेजारच्या विद्यार्थिनीला कात्री कशी धरायची ते मराठीत शिकवलं.

आबांना खायचं द्राक्ष माहीत. मणी टपोरा, बी नाही, साल पातळ, काकडीसारखा करकरीत. गामेचा मणी बोराहून लहान, गच्च घड, आत बिया. आबांनी एक मणी तोंडात टाकला आणि बी थुंकणार तोच मालकाने खुणेने थांबवलं: चावा. बी कडू-हिरवट लागलं तर थांबायचं, भाजलेल्या शेंगदाण्यासारखं कुरकुरलं तर तोडायचं. मग त्याने खिशातून रसातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला. आबांनी स्वतःचा काढला! निफाडहून आणला होता, सामानात, मला न सांगता. दोघांनी एकाच मण्याचा रस दोन काचांवर टाकला आणि उजेडाकडे धरला. आबांच्या यंत्रात बावीस ब्रिक्स. त्याच्या यंत्रावर साखर नव्हे, होणाऱ्या अल्कोहोलचे अंश होते: साडेबाराच्या वर. ढोबळ हिशेब असा, की लिटरला सतरा ग्रॅम साखर म्हणजे एक अंश. आबांनी ते आकडे हातावर पेनने लिहून घेतले. कशासाठी, ते विचारलं नाही.

दुपारचं जेवण अंगणात लांब टेबलावर. तोडणीतलं खास पक्वान्न म्हणजे द्राक्षाच्या चोथ्यात शिजवलेलं डुकराचं सॉसेज. नेमकी त्या दिवशी एकादशी. आबांनी उकडलेले बटाटे आणि अंगणातले आलुबुखार खाल्ले. मालकाच्या म्हाताऱ्या आईने विचारलं, हे आजारी आहेत का? धाकटीने उपवास समजावला. आजीबाई उठल्या आणि आतून आणखी बटाटे घेऊन आल्या.

आता खरी गोष्ट, ज्यासाठी मी आलो होतो. तळघर.

आमच्या नाशिककडच्या मोठ्या वायनरीत मी चकचकीत स्टीलच्या टाक्या पाहिल्या आहेत. इथे सिमेंटचे हौद, आजोबांच्या काळातले, भिंतींना रसाचे जांभळे ओघळ. द्राक्ष कुस्करत नाहीत, देठ काढत नाहीत. आख्खेच्या आख्खे घड वरून हौदात सोडतात. वरच्या वजनाने तळातले घड फुटतात, रस सुटतो, तो आंबायला लागतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. हा वायू जड. तो हौदात भरून राहतो आणि वरच्या न फुटलेल्या मण्यांना हवाच मिळत नाही. मग मण्याच्या आतल्या आत वेगळंच आंबणं सुरू होतं. बाहेरून मणी शाबूत, आत आंबटपणा उतरतो, थोडं अल्कोहोल होतं आणि ते फळाचे वास तयार होतात, ज्यांच्यामुळे बोजोले ओळखू येते. घाईची वाइन करायची तर चार-पाच दिवसांत रस काढून घेतात. हे घराणं पंधरवडाभर ठेवतं, लाकडी जाळीने चोथा रसात दाबून धरतं. मग रंग, तुरटपणा, कणा येतो. त्यानंतर जुन्या, मोठ्या लाकडी पिंपांत महिनोन् महिने. पिंप नवं नसतं, त्यामुळे वाइनला लाकडाचा वास येत नाही. नवं पिंप महाग असतं. ते न घेणं हेही अकरा युरोचं एक उत्तर.

हौदात उतरण्याआधी मालकाने दोरीला मेणबत्ती बांधून आत सोडली. विझली. "आज नाही," म्हणाला. आबांनी माझ्या दंडाला धरलं. आमच्या जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरण्याआधी आजोबा कंदील सोडायचे; तो विझला तर कुणी उतरायचं नाही. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावातून विहिरीत गुदमरून गेलेल्यांची बातमी येतेच.

शेजारी दुसरा हौद रिकामा करून चोथा दाबयंत्रात घातला होता. त्यातून निथळणारा रस दाट, गुलाबी, अर्धवट आंबलेला, गोड. इथे त्याला 'पारादी' म्हणतात, स्वर्ग. तोडणीच्या दिवसांत सगळे तो पेल्याने पितात. आबांपुढेही पेला आला.

"दारू झालीय का?"

"अर्धी झालीय," धाकटी म्हणाली.

"मग अर्धा स्वर्ग त्यांनाच राहू द्या."

मी मात्र दोन पेले प्यायलो. त्यांच्यासमोर, पहिल्यांदाच. ते दाबयंत्राचा स्क्रू बघत होते, किंवा तसं दाखवत होते.

चौथा दिवस: रोमानेश-तोरँ आणि आसपास

तोडणीतून एक दिवस सुट्टी. धाकटीने गाडी भाड्याने घेतली. फ्लरीच्या टेकडीवरचं छोटं चॅपल लांबूनच पाहिलं. शिरूब्लमध्ये व्हिक्टर प्युलिया यांचं स्मारक आहे. एकोणिसाव्या शतकात मुळांवरच्या फिलॉक्सेरा किडीने फ्रान्सच्या बागा उठवल्या, तेव्हा अमेरिकन खुंटावर कलम करा, असं सांगणाऱ्यांत ते पुढे होते. आबांनी स्मारकापुढे हात जोडले. "आपलं डॉगरीज यांच्याच वाटेने आलं म्हण." डॉगरीज म्हणजे आमच्या बागांतला कलमाचा खुंट. खुंटकलमाचा माणूस त्यांना देवासारखाच. आमच्याकडे कारण वेगळं, क्षार आणि पाणीटंचाई, पण विद्या तीच.

पण दिवस जिंकला तो बनुआ राक्लेने. हा रोमानेशचा गृहस्थ. त्या काळी पायराल नावाच्या अळीने इथल्या बागा खाल्ल्या होत्या. राक्लेच्या लक्षात आलं, की घराच्या भिंतीलगतचा एक वेल तेवढा हिरवागार आहे. का? तर स्वयंपाकघरातलं गरम सांडपाणी त्याच्या खोडावर पडायचं. अळी हिवाळ्यात सालीखाली दडून बसते, कढत पाण्याने ती मरते. मग त्याने हिवाळ्यात सगळ्या वेलींच्या खोडांवर कढत पाणी ओतायला सुरुवात केली. शेजारी हसले. १८४४ मध्ये तो गेला, आणि नंतर साऱ्या भागाने तीच पद्धत उचलली. बंबासारखे खास बॉयलर निघाले, बायका-पोरं कॉफीच्या किटलीसारखी भांडी घेऊन वेलावेलाला पाणी घालायची. गावात त्याचा पुतळा आहे.

आबा म्हणाले, "पुतळा त्याच्या बायकोचा पाहिजे. पाणी तिने ओतलं."

मुलँ-आ-व्हाँ म्हणजे पवनचक्की. ती खरंच आहे, पंधराव्या शतकातली, द्राक्षांच्या मधोमध टेकाडावर. तिच्यावरून वाइनचं नाव. तिथल्या मातीत मँगनीज आहे आणि वाइन दहांत सर्वांत टणक मानली जाते. एक बाटली घेतली. मोर्गोंपेक्षा महाग निघाली आणि खरं सांगायचं तर मला मोर्गोंच आवडली. कदाचित मुरमाशी आता नातं जडलं होतं.

परतताना एका चकचकीत दुकानात थांबलो. तिथे 'बोजोले' म्हणून जे ग्लासात ओतलं, त्याला केळ्याच्या गोळीचा वास होता. धाकटी म्हणाली, "आता कळलं, आपली बाटली स्वस्त का?"

पाचवा दिवस: डोंगरावरची देवी, आणि किंमत

सकाळी माँ ब्रुयी चढलो. उंची ४८४ मीटर, आबांच्या मते "आपल्या डोंगरांपुढे टेकाडच". वर चॅपल आहे, नोत्र-दाम-ओ-रेझँ. अर्थ: द्राक्षांची माउली. १८५० च्या दशकात भुरीने इथल्या बागा पांढऱ्या पडल्या. हा रोग अमेरिकेकडून आलेला, तोवर कुणी पाहिलेला नाही. तेव्हा लोकांनी नवस बोलून हे देऊळ बांधलं. दर सप्टेंबरला इथे यात्रा भरते. भुरीवर पुढे गंधक सापडलं, पण यात्रा चालूच राहिली. आबांना यात काहीच नवल वाटलं नाही. गंधकही मारायचं आणि नवसही फेडायचा, आमच्याकडेही दोन्ही चालतं. त्यांनी देवळाच्या पायरीवर बसून हरिपाठाचे दोन अभंग म्हटले. खाली सोनचं खोरं, त्यापलीकडे धूसर निळी रेघ. आल्प्स असावेत.

संध्याकाळी मालकाने ओट्यावर बाटल्या मांडल्या. गेल्या सालची, चार वर्षांची, बारा वर्षांची. सर्वांत नवी उघडली तर करवंदाचा, ओल्या दगडाचा वास. घोट घेतला की आधी आंबटगोड, मग मागून हलकीशी तुरट पकड. थोडी गार करून प्यायची; फ्रिजमध्ये अर्धा तास पुरे. चार वर्षांच्या बाटलीत करवंदाची चेरी झालेली. बारा वर्षांची वेगळीच होती. रंग विटकरीकडे झुकलेला, वास पालापाचोळ्याचा, सुकलेल्या फळांचा. मोर्गों अशी पिकली की इथले लोक तिचं क्रियापदच करतात: "इल मोर्गोन." वाइन 'मोर्गोंते'.

आबांनी तिन्ही ग्लास फक्त हुंगले. मग धाकटीला त्यांची अदलाबदल करायला सांगितली, डोळे मिटले आणि पुन्हा हुंगले. तिसऱ्या ग्लासावर थांबले. "ही म्हातारी. हिच्यात बेदाण्याच्या शेडचा वास हाये." बरोबर होतं. मालकाने टाळ्या वाजवल्या.

मग मी वहीचं शेवटचं पान पुढे केलं. एकरी तीस लाख. मालक इतका हसला की त्याच्या आईने आतून डोकावलं. त्याने पेन घेतलं आणि आबांच्या हिशेबाखाली रेघा ओढायला लागला. दारावर येऊन बाटली नेणारे थोडे. बराच माल मोठ्या व्यापाऱ्याला घाऊक भावाने जातो, अकराच्या निम्म्यानेही नाही. बाटली, बूच, लेबल, पेटी. कर. आणि मजुरी: तोडणीचा माणूस तासाला बारा युरोच्या आसपास पडतो. म्हणजे त्याच्या एका तासाला एक बाटली गेली. गोब्लेच्या वेलीत यंत्र चालत नाही, सगळं वाकूनच. शेजारी कित्येकांनी जुने वेल उपटून तारा टाकल्या. त्याने नाही.

"मग भाव वाढव ना," मी म्हटलं.

त्याने खांदे उडवले आणि नावाची गोष्ट सांगितली. १३९५ मध्ये बरगंडीचा ड्यूक फिलिप याने गामेला 'अतिशय वाईट आणि बेइमान' रोप ठरवून उपटायचा हुकूम काढला. त्याला आपल्या मुलखात पिनो नुआर हे द्राक्ष हवं होतं. गामे दक्षिणेला या ग्रॅनाइटवर तगलं. ती बदनामी लोक विसरतात न विसरतात, तोच दुसरी आली. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी जगभर एकाच वेळी उघडणारी 'बोजोले नुव्हो', तोडणीनंतर दोन-अडीच महिन्यांत बाटलीत भरलेली. १९८५ पासून हा गुरुवार पक्का झाला. सुरुवातीला त्याने गावं तारली, हे तोही कबूल करतो. पैसा लगेच हातात यायचा. पण गिऱ्हाइकाच्या डोक्यात बोजोले म्हणजे तीच, गुलाबी, केळ्याच्या वासाची, असं बसलं. त्यामुळे लेबलवर मोर्गों असलं तरी बोजोलेचा भाव चिकटतो. तासभर उत्तरेला गेलं की बरगंडी लागते. तिथे याच कष्टाच्या बाटलीला याच्या चौपट मागतात.

"म्हणजे आपल्या कांद्यासारखं," आबा म्हणाले. "एका सालच्या भावाचं नाव जन्मभर चिकटतं."

त्याच्या पणज्याकडे ही जमीन अर्धलीने होती. इथे ती जुनी रीत आहे: जमीन शहरातल्या मालकाची, कष्ट कसणाऱ्याचे, वाइन निम्मी-निम्मी. पणज्याने आपल्या निम्म्यातून एकेक तुकडा विकत घेतला. आता मालकाची दोन मुलं आहेत. फ्रेंच कायद्यात वाटण्या सारख्या, मुलगा-मुलगी दोघांना. मुलीला वाइन करायची आहे, मुलाला पैसे हवे आहेत. आबा यावर काही बोलले नाहीत. फक्त माझ्याकडे बघितलं, मग धाकटीकडे.

वाचणाऱ्यांपैकी कुणी दुकानात अशी बाटली शोधणार असेल तर दोन गोष्टी बघा: लेबलवर क्रुचं नाव, आणि 'मी आँ बुतेय ओ दोमेन', म्हणजे बाटली घराण्याच्या आवारातच भरलेली. भारतात ती मिळाली तरी तिची किंमत अकरा युरो नसणार. वर्षानुवर्षं परदेशी वाइनवर जबर आयात शुल्क राहिलं आहे आणि त्यावर राज्याचं वेगळं.

सहावा दिवस: परत

निघताना मालकाने आबांना जुनी कात्री दिली, लाकडी मुठीची. ती चेक-इन सामानात. आबांनी आपला रिफ्रॅक्टोमीटर त्याच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "याच्यावर साखर दिसते. दारू तू काढ."

मला बाटल्या न्यायच्या होत्या. बारा वर्षांच्या दोन, चार वर्षांच्या दोन. पण कस्टमचा नियम माणशी दोन लिटर. पाऊण लिटरच्या दोनच बाटल्या बसतात, तिसरी घातली की मर्यादा ओलांडते. मी सुटकेस उघडून बसलो होतो, चारांतून दोन निवडणं काही जमेना. आबा खोलीत आले, थोडा वेळ बघत उभे राहिले.

"माणशी म्हणजे मी पण धरून?"

"हो."

त्यांनी आपली पिशवी पुढे ओढली. बारा वर्षांच्या दोन्ही उचलल्या, एक धोतरात गुंडाळली, दुसरी उपरण्यात, आणि हरिपाठाची पोथी हातात घेऊन क्षणभर विचार केला. पोथी काढून ती शर्टाच्या खिशात ठेवली.

मुंबईला कस्टमच्या माणसाने त्यांची पिशवी उघडली. त्याने बाटल्या बघितल्या, मग माळ बघितली, मग पुन्हा बाटल्या.

"काका, हे तुमचं?"

"मुरमातली हाये," आबा म्हणाले.

छाटणी परवापासून सुरू आहे. बाटल्या देवघराच्या खालच्या फडताळात आहेत, मोरचुदाच्या पुडीशेजारी. गारवा असतो म्हणून तिथे ठेवल्या, असं ते आईला सांगत होते.